खलनायकाचा भूतकाळ

१९८८ साली न्यूयॉर्क येथील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने ‘बॅटमन : द किलिंग जोक’ या नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. पृष्ठसंख्या पन्नासाच्याही आत, बांधणी कागदी, आणि मुखपृष्ठावर एका माणसाचा चेहरा. चेहरा पांढराफटक, केस हिरवे, ओठ लालभडक आणि जवळजवळ कानापर्यंत फाकलेले. त्याच्या हातात कॅमेरा आहे आणि कॅमेऱ्याचे भिंग पुस्तक हाती घेणाऱ्यावरच रोखलेले आहे. कोणताही छायाचित्रकार समोरच्याला जे सांगतो तेच तो सांगत आहे : हसा. पुस्तक वाचून संपल्यावर वाचक पुन्हा या मुखपृष्ठाकडे वळतो, तेव्हा त्या कॅमेऱ्याने कोणाची छायाचित्रे घेतली हे त्याला ठाऊक झालेले असते. मग ते चित्र पूर्वीसारखे पाहवत नाही.

या पुस्तकाची कथा अ‍ॅलन मूर यांची व चित्रे ब्रायन बोलंड यांची. दोघेही इंग्रज. बोलंड यांनी १९७७ साली सुरू झालेल्या ‘२००० एडी’ या ब्रिटिश साप्ताहिकातील जज ड्रेडच्या चित्रांमुळे नाव मिळविले होते. मूर यांच्या ‘वॉचमेन’ या मालिकेने १९८६-८७ मध्ये वीरनायकांच्या कथांकडे पाहण्याची दृष्टीच बदलून टाकली होती. रंग भरण्याचे काम जॉन हिगिन्स यांनी केले. १९८९ मध्ये या पुस्तकाला व त्याच्या दोन्ही कर्त्यांना या क्षेत्रात मानाची समजली जाणारी आयझनर पारितोषिके मिळाली. ज्यांच्या नावाने ही पारितोषिके दिली जातात त्या विल आयझनर यांचे ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ १९७८ साली निघाले आणि ‘चित्रकादंबरी’ ही संज्ञा रूढ होण्यास त्या पुस्तकाने मोठा हातभार लावला. ‘द किलिंग जोक’ची गणनाही चित्रकादंबरीतच होते. खरे पाहता विस्ताराने ती दीर्घकथाच आहे. परंतु तिचा आशय दीर्घकथेत सहजी मावणारा नाही, हेही तितकेच खरे.

चित्रकथा भारतीय वाचकाला अपरिचित नाही. १९६४ पासून निघू लागलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आणि १९६७ पासूनची ‘अमर चित्रकथा’ यांवर एक संपूर्ण पिढी वाढली. या कथांतून खलनायकाचे स्थान ठरलेले असे. नायकाला आपले शौर्य दाखविण्यास निमित्त पुरवावे आणि शेवटच्या पानावर पराभूत व्हावे, एवढेच त्याचे काम. आपल्याकडील नाट्यशास्त्रीय परंपराही याहून फार निराळे सांगत नाही. धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लक्षणे लोभी, उद्धत, हट्टी, पापाचारी व व्यसनी अशी दिली आहेत. तो तसा का झाला, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. प्रस्तुत पुस्तकात मात्र नेमका हाच प्रश्न केंद्रस्थानी आहे.

ज्याच्याविषयी हा प्रश्न विचारला गेला तो जोकर हा खलनायक १९४० मध्ये ‘बॅटमन’ मासिकाच्या पहिल्याच अंकात अवतरला. त्याच्या निर्मितीचे श्रेय बिल फिंगर, बॉब केन व जेरी रॉबिन्सन या तिघांकडे जाते, आणि त्यात कोणाचा वाटा किती याविषयी त्या तिघांतच एकवाक्यता नव्हती. चेहऱ्याचा उगम मात्र सर्वमान्य आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९ मधील एका कादंबरीवर पाउल लेनी या जर्मन दिग्दर्शकाने १९२८ साली ‘द मॅन हू लाफ्स’ हा मूकपट काढला होता. लहानपणीच शस्त्राने चेहरा विद्रूप केल्यामुळे ज्याच्या मुखावर कायमचे हसू गोठले आहे, अशा एका दुर्दैवी माणसाची ती कथा. ही भूमिका करणारे कोनराड फाइट यांचे छायाचित्र जोकरच्या चेहऱ्याचा आधार ठरले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ह्यूगोचा नायक बळी आहे. त्याचे हसू त्याच्यावर लादलेले आहे. चित्रकथेने ते हसू घेतले आणि त्यामागचे दुःख मागे ठेवले. पुढे जवळजवळ अर्धशतकाने मूर यांनी ते दुःख पुन्हा आणून त्याच्या पदरी बांधले, असे म्हणता येईल.

मध्यंतरीच्या काळात जोकरला भूतकाळ देण्याचा एक प्रयत्न झाला होता. १९५१ सालच्या एका कथेत बिल फिंगर यांनी असे दाखविले की, हा माणूस पूर्वी प्रयोगशाळेत काम करीत असे. दहा लाख डॉलर चोरून स्वस्थ बसावे असे त्याच्या मनात आले. डोक्यावर लाल शिरस्त्राण चढवून त्याने पत्त्यांच्या कारखान्यावर दरोडा घातला आणि पळताना तो रासायनिक सांडपाण्यातून पोहत गेला. त्यामुळे त्याची त्वचा पांढरी व केस हिरवे झाले. हेतू लोभाचा आणि फळ विद्रूपतेचे, असा तो साधा हिशेब होता.

त्यानंतर तीन वर्षांनी हा हिशेब बदलणे जवळजवळ अशक्य झाले. १९५४ मध्ये फ्रेड्रिक वर्दम या मनोविकारतज्ज्ञांनी चित्रकथांमुळे मुले गुन्ह्याकडे वळतात असा आरोप करणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीपुढे या विषयाची सुनावणी झाली आणि सरकारी बंधन येण्याच्या धास्तीने प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता तयार केली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती उत्पन्न होईल अशा रीतीने गुन्ह्याचे चित्रण करू नये, आणि प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचा जय व दुष्कृत्याला शासन झालेच पाहिजे, ही तीतील दोन मुख्य कलमे. यातील विसंगती मनोरंजक आहे. वर्दम यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील गरिबांसाठी १९४६ मध्ये एक मानसोपचार केंद्र सुरू केले होते. मुलांच्या गुन्ह्यामागे त्यांची परिस्थिती असते, हीच त्यांच्या विचारांची बैठक होती. असे असूनही त्यांच्या चळवळीतून जन्मलेल्या संहितेने गुन्हेगाराच्या परिस्थितीकडे पाहण्याचे दारच बंद केले. स्वतः वर्दम यांना ही संहिता मुळीच पसंत नव्हती. मुलांना अशी मासिके विकण्यास कायद्याने मनाई करावी, एवढीच त्यांची मागणी होती.

संहितेच्या छायेत जोकर निरुपद्रवी झाला. विनोदी चोऱ्या करणारा एक गमत्या एवढेच त्याचे रूप उरले. १९६६ पासूनच्या दूरचित्रवाणी मालिकेत सीझर रोमेरो यांनी हेच रूप रंगविले. १९७३ मध्ये डेनिस ओनील व नील अ‍ॅडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी बनविले आणि पुढल्याच वर्षी ओनील यांच्याच एका कथेत आर्कम हे मनोरुग्णालय प्रथम आले. पुढे गॉथम शहरातील अशा गुन्हेगारांची रवानगी तुरुंगाऐवजी तेथे होऊ लागली. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. परंतु तुरुंगातल्या माणसाला समाजाने दोषी ठरविलेले असते आणि रुग्णालयातल्या माणसाला आजारी. जोकर या दोहोंपैकी कोण, हा प्रश्न १९७४ पासून लोंबकळत होता. मूर व बोलंड यांनी तो हाती घेतला, तेव्हा चित्रकथांची विक्री मोठ्या प्रमाणात खास दुकानांतून होऊ लागली होती आणि प्रौढांसाठी असलेल्या अशा पुस्तकांवर संहितेची मोहोर आवश्यक राहिली नव्हती.

कथा पावसाने सुरू होते. डबक्यात थेंब पडून वर्तुळे उठत आहेत. बॅटमन आर्कम येथे आला आहे. कोठडीत बसलेल्या पांढऱ्या चेहऱ्याच्या माणसासमोर तो बसतो आणि शांतपणे बोलू लागतो : आपल्या दोघांचा शेवट एकमेकांच्या हातूनच होणार असे दिसते, तसे होण्यापूर्वी एकदा बोलून पाहावे, म्हणून आलो आहे. समोरचा माणूस पत्ते लावीत राहतो. बॅटमन त्याचा हात धरतो, आणि त्या हाताचा पांढरा रंग बॅटमनच्या हातमोज्याला लागतो. कोठडीतला माणूस तोतया आहे. खरा जोकर केव्हाच निसटला असून शहराबाहेरील एका मोडकळीला आलेल्या जत्रेच्या मैदानाची पाहणी करीत आहे. जागेचा व्यवहार करणाऱ्याशी तो हस्तांदोलन करतो. तळहाती लपविलेल्या विषाने तो गृहस्थ हसत्या मुद्रेनेच मरतो.

येथून कथा दोन धाग्यांनी चालते. एक धागा वर्तमानाचा, दुसरा एका निनावी तरुणाचा. हा तरुण रासायनिक कारखान्यातील नोकरी सोडून रंगमंचावर विनोद सांगणारा कलावंत होऊ पाहतो, पण त्याच्या विनोदाला कोणी हसत नाही. घरी गरोदर पत्नी आहे, भाडे थकलेले आहे. कारखान्याला लागूनच पत्त्यांचा कारखाना आहे. तेथे शिरण्याची वाट दाखविण्याच्या बदल्यात दोन चोर त्याला पैसे देऊ करतात. लाल शिरस्त्राण त्याने घालायचे, म्हणजे पाहणाऱ्याला तोच टोळीचा नायक वाटेल आणि बालंटही त्याच्यावरच येईल. ज्या दिवशी रात्री हे काम करावयाचे, त्याच दिवशी पोलीस येऊन त्याला सांगतात की, बाळाची दुधाची बाटली गरम करण्याचे विजेचे उपकरण तपासून पाहताना त्याची पत्नी मरण पावली. आता पैशाचे कारणच उरलेले नाही. तो माघार घेऊ पाहतो, पण चोर त्याला सोडीत नाहीत. रात्री पहारेकरी गोळ्या झाडतात, दोघे चोर ठार होतात, अंधारातून बॅटमन पुढे येतो आणि भयभीत झालेला तो तरुण रसायनांच्या पाण्यात उडी घेतो. बाहेर पडून तो शिरस्त्राण काढतो, डबक्यात आपला चेहरा पाहतो आणि हसू लागतो.

१९५१ च्या कथेशी हे ताडून पाहिले असता मूर यांनी काय केले ते स्पष्ट होते. कारखाना तोच, शिरस्त्राण तेच, रसायनेही तीच. बदलला आहे तो फक्त हेतू. लोभाच्या जागी दारिद्र्य आले, आणि एवढ्याने सगळी कथा उलटी झाली.

दोन्ही धागे जोडण्याची बोलंड यांची रीत अभ्यासण्यासारखी आहे. पुस्तकात निवेदकाचा मजकूर जवळजवळ नाही. पात्रांच्या मनातले विचारही लिहून दाखविलेले नाहीत. वर्तमानातील शेवटच्या चौकटीत जोकर ज्या ठेवणीत उभा असतो, त्याच ठेवणीत भूतकाळातील पहिल्या चौकटीत तो तरुण दिसतो. म्हणजे एका काळातून दुसऱ्यात नेणारा पूल शब्दांचा नसून देहाचा आहे. हिगिन्स यांनी जांभळा, पिवळा, नारिंगी असे भडक रंग वापरले होते. बोलंड यांच्या मनात निराळेच होते. २००८ सालच्या नव्या आवृत्तीसाठी त्यांनी स्वतः सर्व पाने पुन्हा रंगविली. वर्तमानाचे रंग थंड केले आणि भूतकाळ करड्या छटांत ठेवून त्यात एखादीच वस्तू लाल केली. तो लाल रंग शिरस्त्राणाच्या दिशेने कसा वाढत जातो ते पाहण्यासारखे आहे. जुनी आवृत्ती ज्यांच्या मनात ठसली आहे त्यांना तिचा उग्रपणा अधिक योग्य वाटतो. त्यांचेही म्हणणे टाकाऊ नाही, कारण जत्रा ही मुळात भडकच असते.

आता मुख्य घटना. पोलीस आयुक्त जेम्स गॉर्डन संध्याकाळी घरी बसून वर्तमानपत्रातील कात्रणे वहीत चिकटवीत आहेत. मुलगी बार्बरा त्यांच्याशी बोलत आहे. दाराची घंटा वाजते. मैत्रीण आली असावी म्हणून ती दार उघडते. दारात जोकर उभा असतो, एका हातात पिस्तूल, गळ्यात कॅमेरा. तो तिच्यावर गोळी झाडतो. गोळीने तिच्या पाठीच्या कण्याला इजा होते. गॉर्डन यांना पळवून जत्रेत नेले जाते, विवस्त्र करून गळ्यात पट्टा घालून एका गाडीत बसविले जाते आणि अंधाऱ्या बोगद्यातून फिरवीत जखमी मुलीची, तिचे कपडे उतरवून घेतलेली छायाचित्रे मोठ्या पडद्यांवर दाखविली जातात.

या क्रौर्यामागे जोकरचा एक सिद्धांत आहे. शहाणा माणूस आणि आपण यांच्यात केवळ एका वाईट दिवसाचे अंतर आहे, असे त्याचे म्हणणे. आपल्या वाट्याला तसा दिवस आला आणि आपण असे झालो. तो ज्याच्या वाट्याला येईल तो असाच होईल. गॉर्डन हा त्या सिद्धांताचा प्रयोग आहे. शहरातील सर्वांत सरळ माणूस घ्यावा, त्याला असा एक दिवस द्यावा, आणि उद्या तो वेडा झाला की सिद्धांत सिद्ध झाला.

कायद्याच्या दृष्टीने पाहता हा सारा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर अडखळतो. इंग्लंडमध्ये १८४३ साली मॅकनॉटन प्रकरणानंतर जे नियम ठरले त्यांत प्रश्न एवढाच असतो की, कृत्य करताना आपण काय करीत आहोत व ते गैर आहे हे त्या माणसाला कळत होते काय. भारतीय दंड संहितेच्या ८४ व्या कलमाने हेच तत्त्व स्वीकारले होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमात ते कायम आहे. जोकरला हे पुरेपूर कळते. गैर असल्याशिवाय त्याला त्यात विनोदच सापडला नसता.

परंतु मूर न्यायालयात उभे नाहीत. त्यांनी सिद्धांताचे खंडन कथेच्या आतूनच केले आहे, आणि तेही दोन ठिकाणी. पहिले स्थान जोकरच्या स्वतःच्या बोलण्यात आहे. आपल्या बाबतीत नेमके काय घडले हे आपल्याला नीटसे आठवत नाही, असे तो शेवटी शेवटी सांगून टाकतो. कधी एक आठवते, कधी दुसरे. भूतकाळ असावाच लागत असेल तर परीक्षेतील प्रश्नाप्रमाणे त्याला अनेक पर्याय असलेले बरे. ज्याच्या साक्षीवर सारा सिद्धांत उभा, तो साक्षीदारच आपल्या साक्षीवरून हात झटकतो. वाचकाने जिच्या मृत्यूने हळहळावे ती पत्नी कदाचित कधी नव्हतीच. तरीही त्या हळहळीचे काय करावयाचे, हा पेच राहतोच. करड्या रंगातला तो तरुण मान खाली घालून बसलेला ज्याने पाहिला आहे, त्याला केवळ ‘हे खोटे असू शकेल’ एवढ्यावरून त्याला विसरता येत नाही. आचारसंहितेने ज्या सहानुभूतीवर बंदी घातली होती तिची ताकद येथे कळते, आणि तिचा धोकाही.

दुसरे स्थान गॉर्डन यांचे. बॅटमन त्यांना सोडवितो तेव्हा ते थरथरत आहेत, पण भान सुटलेले नाही. मित्राला ते एकच गोष्ट बजावतात : त्याला पकडून आण, पण नियमाने आण, आपली रीत चालते हे त्याला दिसले पाहिजे. संपूर्ण पुस्तकात याहून महत्त्वाचे वाक्य नाही. शहाणपण म्हणजे मनाची एखादी अभंग अवस्था नव्हे, तर मन फाटलेले असतानाही नियमाला धरून राहणे, असे त्यातून सुचविले जाते.

तथापि हा प्रयोग जितका निर्णायक भासतो तितका तो नाही. एका रात्रीत माणूस मोडला की नाही याचा निकाल लावणे हे वैद्यकाच्या दृष्टीने धाडसाचे आहे. अशा आघाताची फळे महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतात. शिवाय प्रयोगातील दोन माणसे सारख्या स्थितीतली नाहीत. गॉर्डन यांच्यापाशी पद आहे, वयाने आलेली स्थिरता आहे आणि शोध घेत येणारा मित्र आहे. तरुणापाशी यातले काहीच नव्हते. त्याच्या वाईट दिवशी त्याच्या शेजारी बसले होते ते दोन चोर. मूर यांनी हे कोठेही बोलून दाखविलेले नाही, पण बोलंड यांनी ते रेखाटले आहे. पत्नीच्या मृत्यूची वार्ता ऐकून बसलेल्या तरुणाला सहानुभूतीचे शब्द ऐकविणारे दोघे आणि पिंजऱ्याशी वाकून गॉर्डन यांना धीर देणारा बॅटमन, ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली की दिवस वाईट येणे आणि त्या दिवशी जवळ कोण असणे, या दोन निराळ्या गोष्टी असल्याचे लक्षात येते. बॅटमनचा स्वतःचाही असा एक दिवस होऊन गेला आहे. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झाला. वटवाघळाचा पोशाख करून रात्री हिंडणाऱ्या माणसाला तो दिवस पचला असे म्हणणे कठीण आहे, हे जोकर बरोबर ओळखतो.

मग येतो शेवट. पावसात दोघे समोरासमोर आहेत. बॅटमन शेवटचा प्रस्ताव मांडतो : तुला एकट्याने हे ओढण्याची गरज नाही, मी मदत करीन. जोकर क्षणभर थांबतो आणि आता फार उशीर झाला असे सांगतो. मग त्याला एक विनोद आठवतो. वेड्यांच्या इस्पितळातून दोघे पळू पाहतात. गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर उडी मारायची. एक मारतो, दुसऱ्याचे धैर्य होत नाही. पहिला म्हणतो, मी विजेरीचा झोत टाकतो, त्यावरून चालत ये. दुसरा उत्तरतो, मला काय वेडा समजलास? मी अर्ध्या वाटेवर असताना तू विजेरी बंद करशील! प्रकाशाचा पूल खरा नाही हे त्याला कळत नाही. पूल टाकणारा विश्वासघात करील एवढे मात्र नक्की कळते. बॅटमनने नुकताच टाकलेला पूल याच जातीचा आहे, हे दोघांनाही उमगते आणि दोघेही हसू लागतात. बॅटमन हसतो, हीच या पुस्तकातील सर्वांत अनपेक्षित घटना होय. पुढच्या चौकटींत चित्र खाली उतरत जाते. ओल्या जमिनीवर प्रकाशाची एक रेघ दिसते, मग तीही नाहीशी होते, आणि पुन्हा डबक्यात पावसाचे थेंब. ग्रँट मॉरिसन या स्कॉटिश लेखकाने २०१३ मध्ये असे मत मांडले की, अखेरच्या चौकटींत बॅटमन जोकरला ठार मारतो. हे वाचन चतुर आहे. पण मग गॉर्डन यांचे नियमाविषयीचे बजावणे फुकट जाते आणि जोकर वाद जिंकतो. कथेचा तोल तिकडे झुकलेला दिसत नाही.

या पुस्तकाचा पुढील कलाकृतींवर झालेला परिणाम विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ या चित्रपटात जोकर आपल्या जखमांची दर वेळी निराळी हकीकत सांगतो, आणि २०१९ च्या ‘जोकर’मध्ये तो अपयशी विनोदी कलावंत आहे; दोहोंचे मूळ ओळखू येते. २००८ मध्येच ब्रायन अझारेलो व ली बर्मेहो यांची ‘जोकर’ ही चित्रकादंबरी आली. तिची कथा जोकरच्या एका हस्तकाच्या तोंडून सांगितली असून खलनायकाला भूतकाळ देण्याचे तिने कटाक्षाने टाळले आहे. मूर स्वतः मात्र या पुस्तकापासून दूर गेले. ते अतिक्रूर झाले, आणि बॅटमन व जोकर खऱ्या माणसांसारखे नसल्यामुळे त्यातून माणसाविषयी काही हाती लागत नाही, असे त्यांनी पुढे अनेक मुलाखतींतून सांगितले. दुसरा आक्षेप थोडा कठोर आहे. पहिला मान्य करावा लागतो, आणि त्याचे कारण बार्बरा हे आहे.

वाईट दिवसाचा सिद्धांत तपासताना पुस्तक तीन माणसांकडे पाहते : जोकर, गॉर्डन आणि बॅटमन. त्या दिवशी सर्वांत अधिक ज्याच्यावर कोसळले ते चौथे माणूस या तपासणीत धरलेलेच नाही. बार्बरा ही केवळ आयुक्तांची मुलगी नव्हती. १९६७ पासून वाचक तिला बॅटगर्ल म्हणून ओळखत होते. ग्रंथालयशास्त्रातील डॉक्टरेट मिळविलेली ही ग्रंथपाल १९७० नंतरच्या कथांतून काही काळ अमेरिकन काँग्रेसची सदस्यही झाली होती. पुस्तकात ती मोजक्याच पानांवर येते. गोळी लागल्यावर रुग्णालयात शुद्धीवर येते, वडिलांना शोधा म्हणून बॅटमनला विनविते, आणि कथेतून नाहीशी होते. तिचा सिद्धांत काय, ती मोडली की तगली, हे कोणी विचारीत नाही. तिचे शरीर दोन पुरुषांच्या वादातील पुरावा म्हणून पडद्यावर दाखविले जाते, आणि जोकर तिला जितका वापरतो तितकाच, वेगळ्या हेतूने का होईना, कथाकारही वापरतो. १९९९ मध्ये गेल सिमोन यांनी नायकाच्या कथेला गती देण्यासाठी मारल्या वा जखमी केल्या गेलेल्या स्त्रीपात्रांची यादी केली, तीत बार्बराचे नाव असणे साहजिकच होते. २०१६ च्या चलच्चित्रपटात तिला अधिक वाव देण्याच्या हेतूने एक नवा पूर्वभाग जोडला गेला, पण त्यात तिची व बॅटमनची जवळीक दाखविल्याने ती अधिकच गौण झाली, अशी टीका झाली.

खरे उत्तर त्याआधीच देऊन झाले होते. जॉन ऑस्ट्रँडर व किम येल या लेखक दांपत्याला बार्बराला अशी वाऱ्यावर सोडून देणे मान्य नव्हते. १९८९ सालापासून ‘सुइसाइड स्क्वॉड’ या मालिकेत संगणकाच्या पडद्यावरून माहिती पुरविणारी ‘ओरॅकल’ नावाची एक अज्ञात व्यक्ती दिसू लागली. ती बार्बराच आहे, हे १९९० मध्ये उघड झाले. चाकांच्या खुर्चीत बसलेली, ग्रंथपालाची शिस्त व स्मरणशक्ती यांच्या बळावर अर्ध्या वीरनायकांना वाट दाखविणारी ही स्त्री कोणाच्या उपकाराने बरी झालेली नव्हती. १९९६ मध्ये याच दांपत्याने तिच्या त्या दिवसाची कथा तिच्या बाजूने लिहिली. इस्पितळातल्या खाटेवर तिला उमगते की, गोळी झाडणाऱ्याच्या लेखी ती कोणीच नव्हती. वडिलांपर्यंत पोहोचण्याची ती केवळ वाट होती. हे तिला गोळीहून अधिक लागते, आणि तेथूनच ती कामाला लागते.

२०११ मध्ये डीसी कॉमिक्सने आपल्या सर्व मालिका नव्याने सुरू केल्या, तेव्हा बार्बरा पुन्हा चालू लागली व बॅटगर्ल झाली. या नव्या मालिकेचे लेखन गेल सिमोन यांच्याकडेच होते. ही वार्ता आनंदाची ठरेल असे प्रकाशकांना वाटले असावे. चाकांच्या खुर्चीत आयुष्य काढणाऱ्या अनेक वाचकांनी मात्र तीविरुद्ध तक्रार केली : आमच्यासारखी अशी ती एकच होती.